मापवही

पान चौदा. जासे, केबुतो. मास्तर.
गळा साडेचौदा, छाती चौतीस, कंबर अठ्ठावीस.
एक विजार, खाकी. शिलाई सात शिलिंग. बाकी.
वडील नावं उजवीकडून डावीकडे लिहीत,
आकडे मात्र मिशनच्या शाळेतले, डावीकडून,
त्यामुळे वहीत माणसं दोन्ही बाजूंनी चालत येतात
आणि मध्येच कुठेतरी गाठ पडते.

आमचं दुकान फेरीच्या धक्क्यावर.
भुईमुगाच्या पोत्यांची धूळ, डिझेलचा वास,
आणि ज्याला पलीकडच्या तीरावर कोणी व्हायचं असेल
तो आधी आमच्याकडे थांबून बाही नीट करून घेई.
मास्तरही असेच गेले.
पान एकतीसला ते कौन्सिलर आहेत. छाती छत्तीस.
पान सत्तेचाळीसला वडिलांनी हुद्दा लिहिलाच नाही,
नुसती रेघ ओढलीय.
देशालाच तेव्हा नवं नाव होतं,
स्पेलिंग कोणाला येत नव्हतं.

पंतप्रधान मापाला आले की गाडी लांब उभी करत.
हात आडवे धरून राहत, पंख वाळवणाऱ्या पाणकावळ्यासारखे,
आणि मी स्टुलावर चढून आकडे वाचायची.
बूबूला आतून एक खिसा ठेव, म्हणत,
कोलाच्या दोन बिया मावतील एवढाच.
मोठा केलास तर लोक त्यात काहीबाही घालतील.
आम्ही हसायचो.
पुलाचं कंत्राट कोणाच्या मेव्हण्याला गेलं
ते सगळ्या धक्क्याला ठाऊक होतं,
आणि पूल काही झाला नाही.
शाळा झाल्या. तेही सांगायला हवं. एकशे अकरा.
बाकाचा ओला रंग माझ्या फ्रॉकला लागला होता.

मग गोदीतला संप.
तुमानीकाकाला, वडिलांच्या धाकट्या भावाला, ट्रकमध्ये घालून नेलं.
हुकमावर सही कोणाची, हे रेडिओनं सांगितलं नाही.
गरजही नव्हती.
पंधरा दिवसांनी ते आले, नेहमीसारखे, हात आडवे.
वडिलांनी टेप गळ्याभोवती घेतली
आणि ओढली.
किती वेळ, ते मला सांगता येणार नाही.
मशीनचं चाक फिरायचं थांबलं, एवढं आठवतं.
ते हललेही नाहीत.
वहीत त्या दिवशीचा गळा: पंधरा.
सोळा होता. आदल्या खेपेला मीच वाचला होता.
काका सुटला पावसाळ्यानंतर, एका कानानं बहिरा.

पान ब्याऐंशी कोरं आहे.
हरमटानच्या धुळीत सूर्य पांढराफटक पडला होता,
रेडिओवर सकाळपासून नुसता बँड,
आणि एक लेफ्टनंट, मिसरूडही न फुटलेला,
दुकानात येऊन म्हणाला,
टोपी सैल होतेय, जरा आत घ्या.

सहा वर्षं.
मग फेरीतून एक माणूस उतरला, चपला हातात,
दारात आला आणि त्यानं हात आडवे केले.
गळा चौदा. छाती तेहतीस.
कंबरेपाशी वडील अडखळले, मग म्हणाले,
अठ्ठावीस.
"म्हणजे ती जुनी विजार होईल की!
पण तिचे सात शिलिंग राहिलेत."
"आता शिलिंग चालत नाही, मास्तर."
"हो. तेही माझ्याच सहीनं बंद झालं."
पुढे चहा उकळत राहिला, पहिला कडू पेला,
दुसरा, मग तिसरा साखरेचा.
तुमानीकाका येऊन त्यांच्या शेजारी बसला.
चांगला कान त्यांच्याकडे होता की दुसरा,
हे मी किती वेळा आठवून पाहिलंय.

मास्तरांना पुरलं तेव्हा पांढरं कापड आमच्याकडूनच गेलं.
त्याला माप लागत नाही, शिवणही नाही.
वडील तरी टेप खिशात घालून गेले होते.

परवा राजधानीतून दोघं जण आले,
संग्रहालयासाठी वही मागत होते.
काचेच्या पेटीत ठेवू म्हणाले, खाली तुमच्या वडिलांचं नाव.
मी म्हटलं, उधारी मिटलेली नाही,
वही हलवता येत नाही.
शिवाय मागची पानं अजून कोरी आहेत,
आणि सोमवारपासून युनिफॉर्मची मापं सुरू होतात.